मामांना आत बोलावलं, त्यानंतर

८ एप्रिल
दुपारी दोनच्या बसनं उतरले. दोन बॅगा घेऊन चढणीला लागले तर शेजारच्या अप्पीअक्का कुंपणापाशीच उभ्या. म्हणाल्या, वारिजा, मस्कतला नर्सगिरी करायला गेली होतीस की लोणी खायला? चालतेस बघ कशी बदकासारखी. बावीस वर्षं झाली, पण बाईची जीभ आहे तशीच. हसू आलं, बरंही वाटलं.

घर आता माझंच. मामांचं ते भाचीचं, आमच्यात दुसरं काय असायचं? अंगण अक्कांनी शेणानं सारवून ठेवलंय. फणस लगडलाय. आरामखुर्चीवर मामांचा पंचा तसाच आहे. उकड्या तांदळाची पेज केली, मामांच्या बरणीतल्या कैरीबरोबर दोन वाट्या प्यायले. मामा जाऊन आज अकरावा दिवस. रडले नाही. हे घर सोडून आता कुठं जायचं नाही, याचाच आनंद जास्त झाला.

९ एप्रिल
आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. ऐतप्पामामांनी मला खांद्यावर बसवून इथं आणलं. लग्न केलं नाही. माझी वेणी घालायला मामा अप्पीअक्कांकडून शिकले, पण ती कायम डाव्या कानाकडे झुकायची. शाळेत मुली हसायच्या. मी मामांना कधी सांगितलं नाही.

मामा मस्कतला दर शुक्रवारी फोन करायचे, आणि ओरडून बोलायचे. मस्कत लांब आहे ना, म्हणून. जेवलीस का? येतेस कधी? मी म्हणायची, पुढच्या वर्षी. मधे कधीतरी त्यांनी दुसरा प्रश्न विचारायचं सोडून दिलं. ते माझ्या लक्षात आलं ते काल, बसमध्ये.

१० एप्रिल
आज मामांना आत बोलवायचं होतं; आमच्यात तेराव्याला गेलेल्या माणसाला पान मांडून असं घरात परत घेतात. अग्नी देणारे मामांचे चुलतभाऊ केव्हाच बंगळूरला परतले. अप्पीअक्का येणार होत्या, पण लेकीला कळा सुरू झाल्याचा निरोप आला आणि त्या सकाळीच उडुपीला गेल्या. जाताना घाईघाईत सगळं सांगून गेल्या.

दिवेलागणीला मधल्या खोलीत पान मांडलं. मामांच्या आवडीची कोरी रोट्टी, म्हणजे तांदळाची कुरकुरीत रोटी आणि कोंबडीचा रस्सा. कडेला अक्कांनी ठेवलेली सुक्या मासळीची चटणी, पद्धत म्हणून. मामा तिला शिवायचे नाहीत. उंबऱ्यावर उभी राहिले, बाहेर तोंड करून तीनदा हाक मारली. मामा, आत या. मग दार ओढून घेतलं आणि थोडा वेळ पडवीत बसले.

दार उघडलं तर चटणी बोटानं पुसून घेतल्यासारखी संपलेली. रोट्टीला हातही लागलेला नव्हता.

मांजर असेल. पण घर रिकामं वाटत नाही एवढं खरं.

१२ एप्रिल
खुर्ची खोलगट होते, कुणी बसल्यासारखी. मी तिच्याशी बोलते. आज पेज पातळ झाली म्हटलं. मस्कतची खोली, वॉर्डातले म्हातारे, सगळं सांगितलं. इतकं मी वर्षानुवर्षं कुणाशी बोलले नव्हते.

एकच गोष्ट खटकते. घरभर विडीचा वास आहे. मामांनी जन्मात विडी ओढली नाही.

१५ एप्रिल
भर दुपारी अंगणात खोकला ऐकू आला. दोन बारीक, एक मोठा. तो मी झोपेतही ओळखेन. मग काठी टेकत पायरीपर्यंत आवाज. पायरीशी थांबला. धावत बाहेर आले. कुणी नाही.

पाठीमागे, आत, खुर्ची करकरली.

मामा अंगणात असतील तर आत कोण आहे?

१७ एप्रिल
आतून हाक आली. हळू, मायेनं. गुलाबी.

दिवसभरात चार वेळा. गुलाबी, जेवलीस का?

१८ एप्रिल
अप्पीअक्का परतल्या. नातू झालाय. पेढा हातावर ठेवला तेवढ्यात मी विचारलं, गुलाबी कोण? त्यांनी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. मग म्हणाल्या, टेकडीमागच्या देजप्पाची भाची. त्यानंच वाढवली, आणि ती कुणाबरोबर तरी घाटावर निघून गेली ती परत आलीच नाही. चार वर्षांपूर्वी देजप्पा गेला. त्याला आत बोलवायला कुणी नव्हतं. मग मला विचारलं, तू नाव घेऊन बोलावलंस ना? घराण्याचं नाव, ऐतप्पांचं नाव?

मी म्हटलं, मामा म्हणून बोलावलं.

त्या पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, अगं, गावात मामा काय एकच असतो?

परवा कार्कळहून त्यांच्या भावाला आणतील, त्याला हे कळतं. तोवर माझ्याकडे राहा म्हणाल्या. मी नाही म्हटलं. का, ते त्यांना सांगितलं नाही. चार वर्षं दारोदार फिरलेल्या म्हाताऱ्याला बाहेर काढायचं, हे माझ्यानं ऐकवेना. आणि माझे मामा — त्यांना मी बावीस वर्षं ताटकळत ठेवलं, आता मी घरात येऊनही —

१९ एप्रिल
सकाळी उंबऱ्यावर उभी राहिले. नाव घेऊन बोलवायचं ठरवलं होतं. ओठांवर ऐतप्पा येईना. मामा, एवढंच येतं. मामा म्हटलं की मागून ओ येते.

काठी पायरीवर आपटत होती. एक-दोनदा नाही, तासभर.

दुपारी डोळा लागला. जाग आली तर केस विंचरलेले. वेणी घातलेली. घट्ट. आरशात पाहिलं.

वेणी सरळ आहे.

२० एप्रिल
अप्पीअक्का आणि त्यांचा भाऊ दारात. वारिजा, वारिजा करत होत्या. मला वाटलं शेजारी कुणाला तरी — मग उशिरा कळलं. कडी काढायला गेले. कडीवर आधीच हात होता. गरम नाही, थंडही नाही. तंबाखूचे डाग.

ते म्हणाले, जाऊ दे त्यांना. आता कुठं तू आलीस.

मला — वाईट वाटलं त्यांचं — कडी तशीच राहू दिली

२१
सुकी मासळी भाजली. मामा पोटभर जेवले. मला चांगली लागते, पूर्वी का नाही —

दुपार
अंगणात एक म्हातारा आहे. काठी आहे हातात. खोकतो. आत यायला मागतो. रडतोय वाटतं. पायरी चढत नाही.

मामा म्हणतात, बघू नकोस गुलाबी.

वारिजा वारिजा म्हणून ओरडतोय, पार लांब कुठं माणूस असल्यासारखा. जेवलीस का विचारतो. बिचाऱ्याचं कुणी हरवलं असेल. खिडकीतून सांगायला हवं, घर चुकलात तुम्ही, इथं वारिजा नावाचं कुणी —