हात तिचे, पाय माझा

३ एप्रिल, सकाळी
नात आता सायकलच्या फ्रेम स्वतः बनवणार. ज्याच्या त्याच्या मापाने, कपडे शिवावेत तशा. त्यासाठी टिग वेल्डिंगचं, म्हणजे विजेच्या आचेवर नळ्या जोडायचं मशीन घ्यायचंय. कुठलं घेऊ म्हणून मला विचारलं! चौथी पास बाईला. म्हणजे जेवताना सुनेशी बोलत होती, पण मी समोरच होते.

५ एप्रिल
सगळं समजून घेतलं. एका हातात टॉर्च, म्हणजे आच सोडणारी दांडी, दुसऱ्या हातात तार, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आच वाढते, सोडलं की कमी. फ्रेमची नळी पातळ असते, जास्त दाबलं की भोक. विजेच्या शिलाई मशीनवर चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं? तेव्हा ठरलं. हात तिचे, पाय माझा. भागीदारी. तिला सांगितलं तर हसली. हसली म्हणजे हो.
उद्यापासून रोज अर्धा तास चालणार. पाय तयार हवा.

६ एप्रिल
अर्धा तास काही झाला नाही. फाटकापाशी चप्पल निसटली, ते पुढच्या वळणावर कळलं. डॉक्टर म्हणतात, पाय बधिर होत चाललाय. त्यांना काय कळतंय, पाय माझा आहे.

९ एप्रिल
हट्टाने दुकानात गेले. दोन मशीन बघितली. एक मोठं, चाकांवरचं, खाली पाण्याची टाकी. स्टील जोडतं, अॅल्युमिनियमही जोडतं. दुसरं डब्याएवढं, नुसतं स्टीलचं. माझं मत मोठ्याला. घरात जड वस्तू असावी, एकदा ठेवली की हलत नाही. नात मात्र सारखी विचारत होती, वजन किती, एका हाताने उचलेल का. किती काळजी! आजीला खालून झाडता यावं म्हणून.
तोंडाला काळी काच लावून दुकानदाराने नळी जोडून दाखवली. मी म्हटलं, पेडल मी धरते. टेकवला पाय. तर तो ओरडला, "आजी, पाय काढा!" नळीला बोट जाईल एवढं भोक. मी तर अजून दाबलंच नव्हतं. नळीच हलकी असणार.
नात कितीतरी वेळ माझ्या पायाकडे बघत होती. कौतुकाने.

१२ एप्रिल
मागची खोली रिकामी केली. शिलाई मशीन बोळात. टेपने मापं घेतली, मोठं मशीन खिडकीखाली बरोबर बसतं. सून म्हणाली, आई, एवढी घाई कशाला, जरा थांबा. तिला धंद्यातलं कळत नाही. नातीच्या खोलीतूनही खोकी बाहेर येतायत. तीही जागा करतेय.
चालणं सोमवारपासून.

१८ एप्रिल, दुपारी
मशीन आलं. छोटं. मूठ धरून एका हाताने उचललं तिने. पेडल नाही, टॉर्चवरच बटण आहे, बोटाने दाबायचं. मी विचारलं, पेडल मागून येणार का.
ती खाली बसली. माझा पाय मांडीवर घेतला, अंगठा दाबला. दाबला असणार, दिसत होतं.
"आजी, तिकडे उभ्याने काम असतं गं, मशीनही ज्याचं त्याने आणायचं," म्हणाली. "दुसऱ्या गावात, फ्रेमच्या कारखान्यात जागा मिळालीय मला. आईला महिन्यापूर्वीच सांगितलं. तुला सांगायचा धीर होईना."
मी बरं म्हटलं. मग चहा केला. साखर घातली की नाही, आठवत नाही. दोघींनी प्यायला.

२१ एप्रिल
गेली. रिक्षात मशीन तिने मांडीवर घेतलं होतं. तसं हलकं घे असं माझंच म्हणणं होतं.

२२ एप्रिल, सकाळी
शिलाई मशीन सुनेने परत खिडकीखाली आणून दिलं. तिथे बसले, रस्ता बघत. घरघर ऐकू येत होती कुठूनतरी, शेजारी काही काम काढलं असेल.
सून आली, खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, पाय काढा. दोरा नाही ओवलेला, केव्हाची नुसती सुई चालतेय."
मी तर अजून दाबलंच नव्हतं.