बंद केलेल्या फोनचं बिल

१४ मार्च, शनिवार

प्रिय धाकट्या,

आम्ही दोघी ठीक. आईचा उजवा गुडघा कुरकुरतो, पण औषध घेते. माझं चष्म्याच्या दुकानातलं काम तसंच, दिवसभर दुसऱ्यांच्या काचा घासायच्या. बाबांच्या आजारपणातल्या त्या भांडणानंतर दीड वर्षाने लिहितेय, म्हणून दचकू नकोस. पत्रास कारण फोनचं बिल.

घरचा फोन मी नोव्हेंबरात बंद केला. रीतसर अर्ज दिला, पोच घेतली, वायर काढून फोन कपाटावर टाकला. तरी दर महिन्याला माझ्या खात्यातून पैसे आपोआप कापले जातच राहिले. पहिल्यांदा वाटलं, शेवटचं बिल असेल. दुसऱ्यांदा कंपनीला विचारलं. तिथली बाई साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमचा करार चालू आहे."

मी पोचेचा नंबर वाचून दाखवला.

"हो, पण आठवड्याभरात तुम्हीच विनंती मागे घेतलीत. सुरक्षेच्या प्रश्नाचं उत्तरही बरोबर दिलंत. घरातलं लाडाचं नाव."

बाबा गेल्यापासून ते नाव तिघांनाच ठाऊक. मी, आई आणि तू. आईला माझ्या मोबाइलवरचं हिरवं बटणसुद्धा सापडत नाही. म्हणजे उरलास तू.

मग काय, डोक्यात भुंगाच लागला. माझ्या नावावरचा फोन चालू ठेवून हा काय साधतोय? कर्ज काढलंय? कुठे जामीन म्हणून हा नंबर दिलाय? बँकेत जाऊन पैसे कापणं थांबवलं, तर कंपनीची नोटीस आली. थकबाकी, वर दंड. मंगळवारी अर्धी रजा टाकून त्यांच्या ऑफिसात गेले आणि म्हटलं, "मी बोलले म्हणता ना? ऐकवा मला माझा आवाज."

काउंटरवरच्या माणसाने हेडफोन दिला. तुझा आवाज कितीही बदललेला असला तरी ओळखायचाच, अशा तयारीने मी कान टवकारले.

आईचा आवाज होता. माझ्यासारखं तोडून बोलायचा प्रयत्न करत होती. "हो, मीच ती. नोकरीला असते. फोन बंद करू नका. घरात म्हातारी आहे, तिचा मुलगा याच नंबरवर करतो."

"फसवणुकीची तक्रार लिहून घेऊ ना, मॅडम?" त्या माणसाने विचारलं. मी नको म्हटलं आणि उठले.

घरी पोचले तर आई अंघोळीला गेलेली, फोन खाली टेबलावर, वाजत. कपाटापाशी स्टूल. त्या गुडघ्याने ती रोज वर चढत होती, आणि मी यायच्या आत फोन परत जागच्या जागी. मी उचलला.

"आई, आज किती वेळ लावलास," तू म्हणालास.

मी ठेवून दिला. लाइन तुटली नव्हती रे. ती मी होते.

अजून शंकेची पाल चुकचुकतेच. माझ्या पाठीमागे बोलता तरी काय? आईला विचारलं, तर म्हणते, "हवापाण्याचं." चार महिने हवापाणी?

खर्च परवडत नाही म्हणून फोन बंद केला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खोटं होतं ते. आधी दर रविवारी तू फोनवर तिला तुझ्याकडे राहायला बोलवायचास, तेव्हा ती नाही म्हणायची. मग "बघू" म्हणायला लागली. ते "बघू" मला ऐकवेना. ती गेली तर या दोन खोल्यांत मी भांडू कोणाशी?

थकबाकी भरली. बँकेलाही पैसे पूर्वीसारखे कापा म्हणून सांगितलंय. आईला न्यायचं असेल तर तो तुमचा दोघांचा विचार, पण तोंडावर सांग मला. रविवारी मी घरी असते. फोन मीच उचलेन. काय बोलेन ठाऊक नाही, पण ठेवणार नाही.

तुझ्यावर चोरीचा आळ घेतलेली,
ताई