दुरडीवरचं फडकं

आये, आज तुझी भाकरीची दुरडी आठवली आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. शाळेत तू मला धाडलं नाहीस, घरात पाणी भरायला माणूस हवं होतं. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत मी अक्षरं जुळवली. तेव्हा ओळी वाकड्या झाल्या तर रागावू नकोस.

कागलच्या आपल्या चुलीपुढं आधी गड्यांची पंगत बसायची, मग पोरांची, शेवटी तू. दुरडी तू कायम फडक्यानं झाकून ठेवायचीस. एकदा मी विचारलं, तू कधी जेवणार, तर म्हणालीस, "मला भूक न्हाय." मी फडकं उचललं. आत चतकोरसुद्धा नव्हता. तू माझ्या हातावर फाटकन मारलंस. "झाकल्यालं उघडायचं न्हाय," म्हणालीस.

ती दुरडी आता मला हॉस्पिटलात दिसते. तू गेलीस तेव्हा माझ्या पोटात होती ना, त्या तुझ्या नातीच्या दोन्ही किडन्या गेल्यात. यंत्रावर तिचं रक्त धुतात. सुई टोचताना ती सुईकडं बघत नाही, माझ्याकडं बघते. तिच्या शेजारच्या खाटेवर एक व्यापारी असायचे. मयत माणसाची किडनी मिळावी म्हणून त्यांनी मोठ्या शहरातल्या यादीत नाव घातलं, फोन आला की लगेच पोचता यावं म्हणून तिथंच खोली घेऊन राहिले. त्यांना मिळाली. चांगलं झालं. नाव आम्हीही घातलंय, पण अवेळी फोन आला तर गाडी कुणाची, आणि नंतरच्या जन्मभराच्या गोळ्या कुठून? फोन वाजला की छातीत धस्स होतं, आणि दिवसभर नाही वाजला तरी होतं.

किडनी देणारे-घेणारे तपासणीला ज्या बाकावर बसतात तो बघितलास तर लगेच ओळखशील. घेणारे बहुतेक गडी. देणारी कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची बहीण. घेणारी बाई असली की मात्र तिच्या शेजारची जागा रिकामी. जावयाची किडनी चालण्यासारखी होती. तो शिरोलीच्या फाउंड्रीत ठेकेदाराकडं साचे उचलतो. काही महिने घरी बसला तर त्याची जागा दुसऱ्याला. तो मान खाली घालून बसला. बोलल्या त्या विहीणबाई. "कमावता गडी हाय त्यो. त्येचं कसं काढायचं, तुमीच सांगा की." मला राग यायला हवा होता, पण त्यांच्या डोळ्यांतही भ्याच दिसलं. ते घर त्याच्या एकट्याच्या पगारावर चालतं.

मग मी म्हटलं, माझी घ्या. लेक म्हणाली, "तुला काय झालं तर मला म्हायेर कुठलं, आई?"

"म्हशीच्या धारंवर वाढलीया मी. तुझ्यापेक्षा टणक हाय."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

तपासण्या पार पडल्या, माझी जुळली. काल हॉस्पिटलातल्या बाईंनी मला एकटीला आत बोलावून दार लावलं. कुणाची जबरदस्ती आहे का, असं विचारलं. नाही म्हटलं, ते खरंच होतं. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"आजी, भीती वाटते का?"

"न्हाय," म्हटलं आणि पदर सारखा केला. 'न्हाय' म्हटलं मी, पण ऐकू आला तो तुझा आवाज. बाईंनी फडकं उचललं नाही. मान हलवून लिहून घेतलं.

सोमवारी ऑपरेशन आहे. माझी ही जुनी किडनी तिच्या अंगाला मानवेल का? गोळ्यांत खंड पडला तर दिलेलं सगळं मातीत जाईल का? मी त्या टेबलावरून उठलेच नाही, तर तिच्या उशाला कोण बसणार? जावयानं रजा मागितलीय, मिळेल असं काही नाही. लेक माझ्याकडंच आहे, आत झोपलीय. लिहिताना माझा कान तिच्या श्वासाकडं.

आये, तुला त्या दिवशी भूक होती. मला आज लई भ्या वाटतंय.

हा कागद धाडायचा तरी कुठं? घडी करून माझ्या दुरडीत भाकरीखाली ठेवते. लेक उठायच्या आत वर फडकं टाकायला हवं.