म्हातारी आडवी गेली

१४ सप्टेंबर, शनिवार

डॉक्टरने सांगितलं म्हणून ही वही. रोज दोन ओळी लिहिल्या की डोकं गंजत नाही म्हणे. माझं डोकं शाबूत आहे, गंजलंय ते वेताचं. वेता म्हणजे माझी लेक. दोन वर्षं इटलीत हॉटेलच्या खोल्या झाडून आली, आता क्लुज शहरात चौथ्या मजल्यावर राहते. तिचं म्हणणं, आई, या हिवाळ्यात तू जंगलाच्या तोंडाशी एकटी राहायची नाहीस, माझ्याकडे यायचं. मी म्हटलं, एकटी कशी? मी पाहुणे ठेवणार. शिकारी. ती हसली. हसू दे.

बेत पक्का आहे. उद्या इटलीहून एक शिकारी येतोय. त्याला मोठं हरीण मिळालं की तो घरी जाऊन दहा जणांना सांगणार. ते दहा जण येणार. सगळा हंगाम खोली भरलेली. मग वेता कुठल्या तोंडाने मला न्यायला येते बघू.

१५ सप्टेंबर, रविवार

आला. नाव एत्तोरे. नळांचा कारखाना आहे. साठीचा, पोट सुटलेलं, बूट नवे. मी त्याच्याच भाषेत विचारलं, बूट चावतात का? आ वासून बघत राहिला. तिकडे इटलीत, ब्रेशात, एका म्हातारीचं सहा वर्षं हगणंमुतणं काढलंय मी. भाषा त्यातच आली.

त्याला जंगलात नेणारा आमचा वनरक्षक तोआदेर. टोपीत पीस, टोपीखाली काही नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "रफिलामावशी, पाया पडतो, पहाटे आम्ही निघताना बाहेर येऊ नकोस. शिकाऱ्याला म्हातारी आडवी गेली की दिवस फुकट. त्यात हातात रिकामी बादली असली तर विचारूच नकोस."

मी म्हटलं, मी कुठली म्हातारी?

"मग कोण, नवरी?"

तरी कबूल केलं. सोपं तर आहे. घरात बसायचं. दोन दिवसांत हरीण आडवं.

१६ सप्टेंबर, सोमवार. सकाळी सात

मी बाहेर गेले नव्हते. कोंबडी गेली होती. मी फक्त तिच्यामागे गेले. तोआदेरने मला पाहिलं, तीनदा थुंकला आणि पाहुण्याला घेऊन फाटकातूनच मागे फिरला. आता पाहुणा परत आलाच आहे म्हणून मक्याचा सांजा केला, वर चीज आणि साय. दोनदा मागून घेतला.

उद्यापासून कोंबडी कोंडायची.

१७ सप्टेंबर, मंगळवार

कोंबडी कोंडली होती. आज दोष विहिरीचा. माणसाला पाणी लागतं. बादली रिकामी होती कारण ती भरायलाच निघाले होते. भरलेली बादली घेऊन विहिरीवर कोण जातं? तोआदेरला नीट समजावलं. तो म्हणाला, "मावशी, खात्याने तुलाच नोकरीत घ्यायला हवं. सगळ्या जंगलाची हरणं तू एकटी वाचवशील."

पाहुणा पुन्हा न्याहारीला. म्हणाला, घरी सकाळी कोणी बसून खात नाही, उभ्या उभ्या कॉफी आणि चालू पडायचं. मी ऐकून घेतलं. मला काय त्याचं? भांडी मलाच घासायचीत.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज उठायचंच नाही असं ठरवलं होतं. पण तो डबा विसरून गेला. म्हणजे डबा टेबलावरच होता, मी त्यावर फडकं टाकलं होतं, माश्या बसू नयेत म्हणून. त्याला दिसला नसेल. ओढ्यापर्यंत धावत जाऊन पुढून गाठलं दोघांना. मागून हाक मारली असती तर ऐकू आली नसती.

तोआदेर रागाने घरी गेला. मी न्याहारी वाढता वाढता पाहुण्याला विचारलं, तुमच्याकडे हरणं संपली का? एवढ्या लांब यायचं, थंडीत कुडकुडायचं, कशासाठी?

म्हणाला, "हरणं आहेत, सिन्योरा. पण आमच्या डोंगरावर फोन लागतो."

मग बराच वेळ पावाचे तुकडे करत बसला. म्हणाला, इथे मी कोण हे कोणाला ठाऊक नाही. झाडाखाली तीन तास गप्प बसलो तरी कोणी विचारत नाही, बरं वाटत नाही का म्हणून. हातात बंदूक असली की नुसतं बसायची लाज वाटत नाही.

पैसेवाल्यांचे चोचले, दुसरं काय. ब्रेशात मला गुरुवारी दुपारी सुट्टी असायची. स्टेशनजवळच्या बागेत बाकावर जाऊन बसायचे. हातात विणकाम. सहा वर्षांत एक मोजा पुरा झाला नाही. पण ते वेगळं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

खिडकीतून फक्त "मफलर घ्या" म्हटलं. तोआदेर म्हणतो, तोंड दिसलं, संपलं. मी म्हटलं, अरे खिडकी कधी आडवी जाते का? ती उभी असते. ऐकतो कुठे.

वेताचा फोन. मिळालं का हरीण? मी म्हटलं, मिळाल्यातच जमा. ती म्हणाली, नाही मिळालं तर एकोणतीस तारखेला गाडी घेऊन येते. मी म्हटलं, गाडी धुऊन आण, मांस न्यायचंय तुला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

तोआदेरने आज गोठ्यामागची वाट धरली. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिथे आलुबुखार वेचत होते. अंधारात? हो, अंधारात. दिवसा गांधीलमाश्या असतात.

या वेळी तो थुंकलासुद्धा नाही. म्हणाला, "मावशी, उद्या शेवटचा दिवस. हरीण पडलं काय, न पडलं काय, हा जाणारच. मग तू कशाला..." आणि टोपी सारखी करायला लागला. माणूसच अर्धवट, बोलणं पुरं कुठून करणार?

निश्चय: उद्या माझ्या खोलीला आतून कुलूप. किल्ली उशाशी ठेवलेल्या पिठाच्या डब्यात, तळाशी.

२१ सप्टेंबर, शनिवार

आठ वाजेपर्यंत गोधडीत. शपथ. कोणाला आडवी गेले नाही. वर जंगलात हरीण डुरकत होतं, मग थांबलं. म्हटलं, झालं. पण गोळीचा आवाज येईना.

दुपारी आला, रिकाम्या हाताने. म्हणे, हरीण वीस पावलांवर उभं होतं. धुकं होतं? नाही. बंदूक अडकली? नाही.

"मारलं असतं, सिन्योरा, तर सगळं तिथेच संपलं असतं."

मग मान खाली घालून म्हणाला, मंगळवारी ते हरीण तुमच्या कुंपणापाशी पडलेली फळं खात होतं, मी खिडकीतून पाहिलं होतं. तोआदेरला बोललो नाही. सकाळी तुम्ही आडव्या आलात की मला बरंच वाटायचं.

म्हणजे पाच दिवस मी त्या बिचाऱ्या कोंबडीला उगाच कोंडलं.

२२ सप्टेंबर, रविवार

गेला. गाडीत बसताना विचारलं, पुढच्या वर्षी? म्हणाला, "चेर्तो, चेर्तो." म्हणजे नक्की, नक्की.

दोनदा म्हणाला. ब्रेशातल्या माझ्या म्हातारीने रविवारी येतोस का विचारलं की तिचा मुलगाही फोनवर असंच म्हणायचा. एकदा म्हणणारा येतो. दोनदा म्हणणारा येत नाही. सहा वर्षं दर रविवारी मी तिचे केस विंचरून तिला खुर्चीत बसवलं.

दुपारी दोन ताटं मांडली. हातांना अक्कल नसते. एक उचलून ठेवलं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

वेताचा फोन. रविवारी दहाला येते, सामान बांधून तयार राहशील ना?

मी म्हटलं, चेर्तो, चेर्तो.

तिला काय कळतंय! रविवारी पहाटेच वरच्या कुरणात जाऊन बसायचं. अंधार पडेपर्यंत खाली यायचं नाही. घराला कुलूप बघून जाईल परत.

२९ सप्टेंबर, रविवार

गाडी हलतेय, अक्षर वाकडं येणार.

ती सहालाच आली. मी फाटकातून बाहेर पडतेय, हातात बादली, आणि समोर तिची गाडी. म्हणाली, "आई, इटलीत मीही दोन वर्षं होते."

विसरलेच होते. डोक्याचं डॉक्टर म्हणतो ते थोडंफार खरं असेल.

कोंबडी पायाशी टोपलीत आहे. ओढ्याच्या वळणावर तोआदेर बंदूक घेऊन गाडीसमोरून पलीकडे गेला. मी वेताला म्हटलं, शिकारी आडवा गेला, मागे फिरव, दिवस फुकट जाईल.

तिने ब्रेकवर पायसुद्धा ठेवला नाही.