ग्राफीनची बोटं

१२ नोव्हेंबर
आज यांनी समृद्धीच्या गालाला हात लावला – उजवा, नवा. म्हणाले, "अगं, गरम लागतीस. ताप हाय का तुला?" थर्मामीटर लावला तर खरंच ताप! पोरीला तापाचं काहीच नाही, ती हसतेय. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी शिक्रापूरच्या कंपनीत प्रेस मशीनखाली यांचा मनगटापासून हात गेला. तेव्हापासून हे कुणाला शिवायचेच नाहीत, डाव्या हातानंसुद्धा. महिन्यापूर्वी पुण्याच्या लॅबमधल्या अनुपमा मॅडमनी चाचणीसाठी यांची निवड केली. पेन्सिलीत असतो तोच कार्बन म्हणे, पण एकच थर, डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ. ग्राफीन. कृत्रिम हाताच्या बोटांवर त्याची कातडी चढवलीय. कुठं दाब पडला, गरम-गार लागलं की दंडावरच्या पट्टीतून यांना कळतं.

"सगळ्यांना कधी मिळणार?" मी विचारलं होतं.
"पाच वर्षं, दहा वर्षं... खरं सांगू का ताई, आम्हालाही माहीत नाही."

२४ नोव्हेंबर
राहूला, सासरच्या गावी, जाऊन आलो. सासऱ्यांनी स्वतःचा हात यांच्या नव्या हातात दिला. "हनमंता, कळतंय का काय?"
"व्हय आबा. लई खरखरीत हाय."
आबा उठून गोठ्याकडं गेले. चहा गार झाला तरी आले नाहीत.

३ डिसेंबर
हे जेवले की भिंतीकडं तोंड करून पडतात. विचारलं तर "काय न्हाई."

१० डिसेंबर
हे पुण्याहून आले. बाहीचं टोक रिकामं.
"चाचणी संपली. हात जमा केला."
एवढंच. समृद्धीनं पिशवी उलटी करून पाहिली. तिला वाटलं आत ठेवलाय.

माणसाला हात द्यायचा आणि परत घ्यायचा – हा कुठला नियम? अजून एक महिना दिला असता तर त्यांचं काय गेलं असतं? पण कुणाशी भांडू? मॅडमचा फोन बंद.

१२ डिसेंबर
एकटीच लॅबवर गेले. घरी सांगितलं, बहिणीकडं जाते. गेटवरच वॉचमननं अडवलं. मॅडम परदेशात, महिनाअखेरीस येतील. "दुसरं कुणी भेटेल का?" तर त्यानं आत फोन लावला आणि नकारार्थी मान हलवली. चांगला होता बिचारा. म्हणाला, "ताई, प्रयोगाची वस्तू असती ती. आपली नसती."

त्याला काय सांगणार? त्या वस्तूनं माझ्या पोरीचा ताप ओळखला होता.

परत आले. बहीण कशी आहे, हेही यांनी विचारलं नाही.

२० डिसेंबर
नसलेला हात पुन्हा दुखायला लागलाय. नवा हात होता तोवर थांबलं होतं. मूठ आवळली गेलीय म्हणतात, बोटं उघडत नाहीत, नखं रुततात. मी उशाशी बसते. डोकं दुखलं तर डोकं चेपता येतं. हे कुठं चेपू?

२८ डिसेंबर
दुखणं तसंच. गोळीनं नुसती गुंगी येते.

२ जानेवारी
मॅडमचा फोन आला. मी थांबलेच नाही, मनात होतं ते सगळं बोलले. तुम्हाला माणसं नकोत, नुसते आकडे हवेत, असंही बोलले.  मग मॅडम हळूच म्हणाल्या, "प्रतिभाताई, चाचणी जूनपर्यंत आहे. हात आम्ही मागितलाच नव्हता. हनुमंतरावांनी स्वतःच टेबलावर काढून ठेवला. मला नको म्हणाले. मी किती समजावलं... तुम्हाला माहीत नाही?"

३ जानेवारी
यांना विचारलं. डाव्या हातानं बाहीचं टोक दुमडून घेतलं. मग म्हणाले, "झोपताना काढून ठेवाय लागायचा ना. रोज नव्यानं तुटायचा गं."