डोळा नॅनचा नव्हता

प्रिय टॅमसिन,

रोवेनाला मुलगी झाली. तीन किलो शंभर ग्रॅम, डोक्यावर तांबूस जावळ. शेजारच्यांची सून रोवेना, तुला ती नाताळच्या जेवणात भेटली होती. परवा ॲडलेडच्या डॉक्टरांनी बाळाचे डोळे तपासले आणि रोवेनाने बेटावर परतताना बोटीतूनच फोन केला. "ग्लेनिस, दोन्ही डोळे स्वच्छ आहेत," एवढंच म्हणाली. मला डोळे पुसताना पाहून तुझे बाबा घाबरले. "कोण गेलं?" म्हणाले. म्हटलं, कोणी गेलं नाही हो, सगळं चांगलं आहे.

हे नीट सांगायचं तर गेल्या जुलैपासून सांगायला हवं. ऐन हिवाळ्यातला कोकरं होण्याचा हंगाम होता आणि आमच्या पहिलटकरणी मेंढ्या गाभडायला लागल्या. पहिल्या दिवशी दोन, मग पाच, मग रोज सकाळी कुंपणाकडेला काहीतरी पडलेलं असायचं. बाबांच्या कंबरेचं तुला ठाऊकच आहे. रोवेना न बोलावता आली, बाह्या सरसावल्या आणि मेलेली कोकरं, वार, सगळं उचलून पोत्यांत भरायला लागली. हातमोजे घाल म्हणून मी दोनदा सांगितलं. तिने दोनदा "हो" म्हटलं आणि घातले नाहीत. तीन आठवडे असे गेले. मग जनावरांच्या डॉक्टरांकडून निकाल आला. मांजरांकडून पसरणारा रोग, टॉक्सोप्लाज्मोसिस. बेटावर मोकाट सुटलेल्या मांजरांची घाण चाऱ्यात मिसळते आणि तिथून मेंढ्यांच्या पोटात जाते. बाबा म्हणाले, "म्हणजे मांजरांनी तोंडही न लावता खाल्ली की माझी कोकरं." मला हसू आलं नाही, कारण रोवेना समोर बसून मान चोळत होती. काय होतंय विचारलं, तर म्हणाली, "मानेत गाठी आल्यात, अंगात कणकण आहे. थंडीने असेल." आणि बाबा बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "अजून कोणाला सांगितलं नाही, पण मला तिसरा महिना लागलाय."

मी किटली खाली ठेवली आणि गाडीची किल्ली उचलली. "एवढ्याशा गाठींसाठी दवाखाना?" ती म्हणाली. "आमच्या सासूबाई म्हणतील, शहरातली पोरगी, नाजूक." म्हणू दे, म्हटलं. गाडीत तिने विचारलं, "तुम्हाला यातलं कसं काय माहीत?" दवाखान्यापर्यंत वीस मिनिटांचा रस्ता. त्या वीस मिनिटांत मी तिला जे सांगितलं, ते तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. तुझ्या बाबांनाही नाही.

तू पोटात होतीस त्या हिवाळ्यात बाबांच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. मेंढ्या तशाच गाभडत होत्या आणि उचलायला मी एकटी. साडेचार महिन्यांची गरोदर होते. हाताने कोकरं उचलायची, हात पँटला पुसायचे आणि खिशातला पाव खायचा, असे माझे दिवस जात. एक आठवडा ताप आला, मानेत गाठी आल्या. फ्लू म्हणून मी सोडून दिलं. तू झालीस ती छान, गुबगुबीत. पुढे शाळेत तू पुस्तक डोळ्यांसमोर न धरता बाजूला धरून वाचायला लागलीस, तेव्हा बाईंनी चिठ्ठी पाठवली. शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुझ्या डाव्या डोळ्यात बराच वेळ उजेड टाकून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "गरोदर असताना मेंढ्यांचं काम करत होता का?" डोळ्याच्या पडद्यावरचा व्रण जन्माआधीचा आहे, म्हणाले. लागण आईला झाली की बाळापर्यंत पोहोचते. त्यांनी दोष दिला नाही. "तुम्हाला कोणी सांगितलंच नसणार," म्हणाले. तेही खरंच होतं.

घरी आले तर दारात तुझी नॅन, माझ्या सासूबाई, उभ्या. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून अधू होता, तुला आठवत असेल. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जन्मापासूनचं आहे." त्यांनी आपल्या डोळ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्याकडूनच आलं गं पोरीला." टॅमसिन, त्या क्षणी नाही म्हणायला मला एक श्वास पुरला असता. मी चहा टाकायला आत गेले. तेव्हापासून घरात सगळे "नॅनचा डोळा" म्हणायला लागले. तूही मोठ्या अभिमानाने वर्गात सांगायचीस. नॅन मात्र तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला तुझं तोंड दोन्ही हातांत धरून तुझी माफी मागायच्या, आणि मी केक कापत असायचे. शेवटच्या आजारपणातही मी तोंड उघडलं नाही. आता त्यांना सांगायची सोय राहिली नाही, ते मला असंच जन्मभर बाळगायचं आहे.

रोवेनाच्या रक्तात लागण निघाली, नुकतीच झालेली. लगेच औषध सुरू झालं. पुढे ॲडलेडला नेऊन पोटात बाळाभोवती असतं त्या पाण्याची तपासणी केली. त्या दिवशी तिच्या नवऱ्यापेक्षा माझाच हात तिने जास्त आवळला. बाळापर्यंत काही पोहोचलं नव्हतं, आणि परवाच्या तपासणीने उरलीसुरली धास्तीही गेली. आता ती मला एक दिवस स्वस्थ बसू देत नाही. गेल्या महिन्यात लोकर कातरायच्या शेडमध्ये तिने आसपासच्या सगळ्या बायका गोळा केल्या आणि मला उभं केलं. माझी स्वतःची गोष्ट सोडून मी सगळं सांगितलं. गरोदर बाईने हंगामात मेंढ्यांजवळ फिरकायचं नाही, मातीत हात घालताना हातमोजे, मटण नीट शिजवून, आणि मानेत गाठ आली तर थंडीवर ढकलायचं नाही. एक आजीबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." रोवेना म्हणाली, "होतं, पण कोणी बोलत नव्हतं." मी मान खाली घातली. पण त्यातल्या तिघी दुसऱ्याच दिवशी रक्त तपासायला गेल्या.

आता हे पत्र का, ते सांगते. रविवारी तू फोनवर म्हणालीस, "कॅलमचं आणि माझं ठरलंय, मूल नको. हा नॅनचा डोळा मला पुढे द्यायचा नाही." आणि मी पुन्हा तेच केलं. "तुमचं तुम्ही ठरवा," म्हणून फोन ठेवला. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. काल सकाळी बाबांना समोर बसवून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझा खांदा मोडला नसता तर... पण तू आधी पोरीला कळव." म्हणून लिहिते. हा डोळा नॅनचा नाही, कोणाच्याच रक्तातला नाही. तो माझ्या त्या हिवाळ्याचा आहे. आणि रोवेनाच्या डॉक्टरांना मी मुद्दाम विचारलं. जिला ही लागण जन्माआधीच होऊन गेली, तिच्या बाळाला सहसा तिच्याकडून ती होत नाही, म्हणाले. तू तुझ्या डॉक्टरांना विचार, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तेवढा हक्क मी घालवलाय. मूल नको असेल तर नको, मी एका शब्दाने विचारणार नाही. पण नको म्हणायचं ते तुमच्या मनाने म्हणा, माझ्या गप्प बसण्यामुळे नको. रागावलीस तर रागाव, फोनवर येऊन रागाव. मी उचलेन, आणि या वेळी मध्येच ठेवणार नाही.

उशिरा का होईना खरं बोललेली, तुझीच,
आई