मधल्या दाराची आर्झेला

सोमवार, १० जून १९७४

आर्झेला शिकागो सोडणार. शनिवारची दुपारची गाडी, लॉस एंजेलिस, मुलाकडे. माझ्या पार्लरमध्ये केस धुवायला मी तिचं डोकं बेसिनवर वाकवलं होतं, तेव्हा तिने सांगितलं. म्हणजे मला तिचं तोंड दिसू नये.

"दारच नाही, तर त्या चर्चमध्ये माझं काय काम, व्हीनी?"

नव्या रेव्हरंडनी ईस्टरनंतर तिला मधल्या दारावरून काढलं. गुडघे दुखतात, आता बसा म्हणाले. आम्ही दोघी तरुणपणापासून चर्चच्या दारावर उभ्या, माणसांना आत घ्यायला. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, एक हात पाठीमागे. ती मधल्या दारावर, मी डावीकडच्या. प्रार्थना सुरू झाली की कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. एकदा तर तिने नवरदेव थांबवून ठेवला होता.

थांब म्हणायचं होतं. 'पाणी गार लागतंय का' एवढंच विचारलं.

मंगळवार, ११ जून

सिनेमावाले आले. सिनेमा आपल्याच काळ्या लोकांचा, हसवणारा — दोन जिवलग मित्र, दोघेही भुरटे चोर. भर प्रार्थनेत दानाचं ताट उचलून पळतात, तो प्रसंग आमच्या चर्चमध्ये घ्यायचाय. माणसंही आमचीच बसवायची. दिग्दर्शक टॉलिव्हर यांनी भिंतीशी बसलेल्या आर्झेलाकडे बोट दाखवलं.

"दारावर ह्या हव्यात."

"त्या निवृत्त आहेत," रेव्हरंड म्हणाले.

"चेहरा निवृत्त झालेला दिसत नाही."

आर्झेलाने पर्स उघडली. हातमोजे पर्समध्येच होते!

बुधवार, १२ जून

फजिती.

खोटा पाद्री प्रार्थना म्हणतो. जाड्या चोराचं काम करणारा होझिया आणि त्याचा काटकुळा जोडीदार ताट घेऊन दाराकडे धावतात. आर्झेलाने बाजूला व्हायचं. ती होत नाही. हात वर, तळवा पुढे. दोघे जागीच थिजतात.

"बाई, ते चोर आहेत," टॉलिव्हर म्हणाले. "चोर थांबत नसतात."

"चोरी करू देत की. ताट तुमचंच आहे. पण प्रार्थना चालू आहे."

"प्रार्थना खोटी आहे."

"मग हे सगळे डोळे मिटून का बसलेत?"

खरंच. आमची माणसं खरीच प्रार्थना करत होती. गप्प बसायला सांगितलेलं, तरी मागून कुणीतरी 'हो प्रभू, हो' म्हणत होतं.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. दारावरच्या बायका चर्चमध्ये बोलत नाहीत, हातांनी खुणा करतात. मी डावीकडून खूण केली — सोड त्यांना. तिनेही खुणेनेच उत्तर दिलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी टॉलिव्हर म्हणाले, उद्या एकदाच बघू, नाहीतर दारावर दुसरी बाई. रेव्हरंड माझ्या कानाशी — मी सांगितलं होतं.

घरी येताना ती म्हणाली, "खोट्या दारावरही मी चालत नाही, बघ."

गुरुवार, १३ जून

सकाळी तिने मला वचन दिलं, हात खाली ठेवीन. ठेवला. बाजूलाही झाली.

होझिया धावत आला आणि तिच्यासमोर आपणहून थांबला. मान खाली, ताट छातीशी, डोळे मिटलेले. काटकुळा त्याच्यावर आदळला. त्यानेही मान खाली घातली, पण एक डोळा ताटावर. पाठलाग करणारा सिनेमातला पोलीस आला. त्याने टोपी काढली. तिघे एका रांगेत! खोट्या पाद्र्याला हसू आवरेना, त्यामुळे प्रार्थना संपवणारं आमेन काही येईना. सगळं चर्च बाकांवर लोळत होतं.

"हेच," टॉलिव्हर डोळे पुसत म्हणाले. "हेच ठेवायचं."

होझिया आर्झेलाकडे आला. "माफ करा, मावशी. माझी आई जॉर्जियात अशीच दारात उभी असायची. पाय पुढे जाईनात."

"मी तर हात वर केलाच नव्हता, पोरा."

"करायची गरज कुठे होती?"

ती बराच वेळ हातमोजे काढत होती. एकेक बोट.

शुक्रवार, १४ जून

तिच्या वाटेसाठी चिकन तळलं. बुटाच्या खोक्यात कागद घालून भरलं, नेऊन दिलं. तिने ट्रंक बांधली होती. थांब म्हणायचं होतं. 'वर ऊन लागू देऊ नकोस' म्हणाले. चिकनबद्दल.

शनिवार, १५ जून

स्टेशनवर गेले नाही. गिऱ्हाईक आहे म्हणून कळवलं. नव्हतं.

रविवार, १६ जून

व्यासपीठावर रेव्हरंड नव्हते. म्हाताऱ्या मदतनीस डीकननी प्रार्थना सुरू केली. डोळे उघडायचे नसतात. मी उघडले.

मधल्या दारात पांढरा हातमोजा. पायाशी ट्रंक, ट्रंकेवर बुटाचं खोकं. दाराच्या काचेपलीकडे रेव्हरंड — उशिरा आलेले, हॅट हातात, मान खाली.

मी खूण केली — घ्यायचं का आत?

तिने खूण केली — आमेननंतर.